वेल्डिंग मशीनच्या आधी सुटे भाग

शेतीयंत्रांच्या दुरुस्तीच्या दुकानात पहिले पैसे वेल्डिंग मशीनमध्ये घालावेत, हे मत मला पटत नाही. ऐन मळणीत माणूस धावत येतो तो बहुतेकदा बेअरिंग, बेल्ट नाहीतर ऑइल सीलसाठी (तेल गळू न देणारी रबरी कडी). बेअरिंगचे नंबर वाचायला शिका: ६२०५ मधले शेवटचे ०५ गुणिले ५, म्हणजे आतला व्यास २५ मिमी. फिल्टर बदलल्यावर डिझेल इंजिन सुरू होत नसेल, तर पंप खोलण्याआधी डिझेलच्या लाइनमध्ये शिरलेली हवा काढा.

आणि कळकळीने सांगतो, पीटीओ शाफ्टचं, म्हणजे ट्रॅक्टरची ताकद यंत्राला देणाऱ्या फिरत्या दांड्याचं, गार्ड (झाकण) नसलेलं यंत्र तसंच परत देऊ नका. हा दांडा साधारण ५४० आरपीएमने फिरतो, म्हणजे मिनिटाला ५४० आणि सेकंदाला ९ फेरे. बाही अडकली तर हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही.