शॉन एडवर्ड्सचं उदाहरण बघा

'रग्बी लीग खेळलेला माणूस युनियनच्या संघाला काय शिकवणार?' असं काही जण विचारतात. (लीग आणि युनियन हे रग्बीचे वेगवेगळ्या नियमांचे दोन प्रकार.) शॉन एडवर्ड्सची कारकीर्द बघा. इंग्लंडमधल्या विगनचा हा पोरगा १९८३ साली सतराव्या वाढदिवशी घरच्याच क्लबकडे आला. १९८८ ते १९९५ सलग आठ चॅलेंज कप (लीगमधली मोठी बाद-पद्धतीची स्पर्धा) जिंकले! १९९०च्या वेम्बलीवरच्या फायनलमध्ये सुरुवातीलाच गालाचं हाड मोडलं, तरी गडी मैदानातून हटला नाही. (आज डॉक्टरांनी खेळू दिलं नसतं, आणि तेच योग्य.)

पण मला त्याचं प्रशिक्षकपण जास्त मोठं वाटतं. लीगमध्ये प्रत्येक टॅकलनंतर (म्हणजे चेंडूवाल्याला पकडून पाडल्यावर) बचावफळी दहा मीटर मागे जाते आणि पुन्हा एका ओळीत, एकदम पुढे धावते. कोणी एक जण जरी मागे राहिला की तिथूनच भगदाड. हीच शिस्त त्याने आधी वॉस्प्स या इंग्लंडमधल्या युनियन क्लबमध्ये आणि मग वेल्सच्या राष्ट्रीय संघात मुरवली: समोरच्याच्या हातात चेंडू येतो न येतो तोच त्याला गाठायचं. २००८च्या सिक्स नेशन्समध्ये (युरोपातल्या सहा संघांची युनियन स्पर्धा) वेल्सविरुद्ध पाच सामन्यांत फक्त दोन ट्राय (चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवणं) झाले आणि ग्रँड स्लॅम (पाचही सामने जिंकणं) वेल्सचा! २०२२ मध्ये फ्रान्सने ग्रँड स्लॅम जिंकला, तेव्हाही बचावाचा प्रशिक्षक हाच होता.