एका हंगामाच्या एनडीव्हीआय नकाशावरून शेताचे विभाग पाडता येतात का?

प्रश्न:
सुमारे १२ हेक्टर जमिनीच्या नियोजनासाठी मी क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये सेंटिनेल-२ उपग्रहाच्या प्रतिमा वापरत आहे. गेल्या हंगामाच्या एनडीव्हीआय (पिकाचा हिरवेपणा दाखवणारा निर्देशांक) नकाशात ईशान्येकडचा भाग स्पष्टपणे कमजोर दिसतो. तेथे खताची मात्रा वाढवावी की पीकच बदलावे, हे यावरून ठरवता येईल का? शिवाय उताराच्या नकाशासाठी एसआरटीएम या अवकाशातून झालेल्या मोजणीची उंचीची माहिती पुरेशी आहे का?

पहिले उत्तर:
एका नकाशावरून हा निर्णय कृपया घेऊ नका. पिकाचा हिरवा पसारा किती आहे, एवढेच एनडीव्हीआय सांगतो. तो विरळ का आहे, हे सांगत नाही. साचलेले पाणी, मातीचा उथळ थर, नत्राची कमतरता किंवा उशिरा झालेली पेरणी, या सर्वांची खूण नकाशावर जवळपास सारखीच उमटते. पाणी साचत असेल आणि आपण युरिया वाढवला, तर त्यातील बरेचसे नत्र वायुरूपाने उडून जाते आणि पीक आहे तसेच राहते. म्हणून तीन-चार हंगामांतील, पीक ऐन भरात असतानाच्या निरभ्र दिवसांच्या प्रतिमा घ्या आणि जो भाग दर वेळी मागे पडतो तेवढाच वेगळा काढा. त्यानंतर मातीचे नमुने कमजोर भागातून घ्याच, पण जोमदार भागातूनही घ्या. तुलनेला काही नसेल तर अहवालातील आकड्यांवरून कारण हाती लागत नाही.

दुसरे उत्तर:
वरील मताशी सहमत आहे. एसआरटीएमची मोजणी फेब्रुवारी २००० मध्ये झाली, तिचा पिक्सेल सुमारे ३० मीटरचा आहे आणि उंचीतील चूक काही मीटरपर्यंत जाते. पाणलोटाच्या नियोजनाला ती चालते. शेतात पाणी कोठे थांबते हे मात्र वीतभर उंचसखलपणावर ठरते, त्यामुळे तेथे आरटीके जीपीएसने (काही सेंटिमीटरपर्यंत अचूक असलेल्या जीपीएसने) किंवा पेरणीपूर्वी, जमीन उघडी असताना, ड्रोनने मोजणी करणे योग्य. पीक उभे असताना ड्रोनच्या छायाचित्रांवरून जमिनीऐवजी पिकाच्या शेंड्यांची उंची मिळते. एनडीव्हीआयचा पिक्सेलही १० मीटरचा असल्याने बांधावरील झाडे कडेच्या पिक्सेलमध्ये मिसळतात. सीमेपासून १० मीटर आतलाच भाग विश्लेषणात घ्यावा.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. जुन्या प्रतिमा उतरवून घेत आहे. मात्र सीमा १० मीटर आत घेण्यासाठी क्यूजीआयएसमध्ये उणे १० चा बफर दिल्यावर शेताची आकृतीच नाहीशी होते. असे का होत असावे?

दुसरे उत्तर देणारे:
आपला शेताच्या आकृतीचा थर (लेयर) अक्षांश-रेखांशात आहे, म्हणून ते १० मीटर नसून १० अंश धरले जात आहेत. थर आपल्या क्षेत्राच्या यूटीएम प्रक्षेपात (ज्यात अंतर मीटरमध्ये मोजले जाते) जतन करून मगच बफर द्यावा.