मदत हवी आहे: सोलरच्या गरम पाण्याचा पाइप भिंतीतून आणि फॉल्स सिलिंगमधून न्यायचाय, आधार कसा द्यायचा?

बेसा_वीटमाती

नमस्कार मंडळी. नागपूरच्या बेसा भागात तळमजला अधिक एक मजला असं बांधकाम चालू आहे. वीटकाम संपलं, प्लास्टर व्हायचंय. येत्या आठवड्यात प्लंबर झिऱ्या (पाइपासाठी भिंतीतल्या खाचा) मारणार, त्याआधी विचारून घेतो.

गच्चीवर २०० लिटरचा ट्यूबवाला (काचेच्या नळ्यांचा) सोलर वॉटर हीटर, पंप नाही, पाणी स्वतःच्या वजनाने खाली येणार. सीपीव्हीसी (गरम पाण्याला चालणारा प्लास्टिकचा) पाइप: सोलरपासून २५ मिमी, पुढे २० मिमी. वरच्या मजल्यावर पॅसेजच्या स्लॅबखालून सरळ ९ मीटर जाऊन शेवटच्या बाथरूमला उतरायचं आहे. पॅसेजला फॉल्स सिलिंग येणार. बाहेरच्या भिंती ९ इंची, आतल्या अर्ध्या विटेच्या, राखेच्या विटा (कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांकडच्या, इकडे दुसरं मिळतं काय!).

मिस्त्री म्हणतो, "झिरीत पाइप बसवायचा, खिळे ठोकून वाकवायचे, वरून सिमेंट दाबून टाकायचं, हलूच नाही शकणार." सिलिंगमध्ये तो बाइंडिंग वायरने लटकवणार म्हणून राहिला आहे. गरम पाण्याच्या लाइनला हे चालतं का? क्लॅम्प किती अंतरावर? अर्ध्या विटेच्या भिंतीत झिरी किती खोल चालते?

---

नळजोड_नागपूर

हलूच शकणार नाही, हीच तर अडचण आहे भाऊ.

सीपीव्हीसी दर मीटरला, दर अंशाला साधारण ०.०६ मिमी लांबतो. थंडीच्या सकाळी पाइप २० अंशांवर असेल आणि दुपारी सोलरचं ७५ अंशांचं पाणी आत शिरलं, तर ५५ गुणिले ९ गुणिले ०.०६, म्हणजे ३० मिमीच्या आसपास. दीड-दोन बोटांच्या जाडीएवढी वाढ कुठेतरी जाणारच. जागा नसेल तर पाइप सापासारखा वाकतो किंवा सगळा जोर टोकाच्या एल्बोवर (वळणाच्या जोडावर) येतो. जीआयच्या (जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपाच्या) सवयीतून आलेल्या मिस्त्रींना हे चटकन पटत नाही, कारण तेवढ्याच फरकाला लोखंड ६ मिमीच लांबतं.

नागपूरचा एक वेगळा पेच आहे. काम मे महिन्यात होणार असेल तर पाइप बसवतानाच ४५ अंशांवर असतो. मग जानेवारीतल्या १० अंशांच्या पहाटे तोच ९ मीटर पाइप १९ मिमी आखडतो आणि जोड ओढले जातात. म्हणून जागा दोन्हीकडे लागते, फक्त वाढीपुरती नाही.

आता सिलिंग. ९ मीटरच्या मध्यावर यू आकाराचा लूप घ्या. २० मिमी पाइपाला एवढ्या वाढीसाठी लूपची एकूण लांबी ७५ सेंमी धरा: दोन्ही बाजू ३० सेंमी, मधला तुकडा १५ सेंमी. चार एल्बो लागतील. लूप आडवा, स्लॅबला समांतर झोपलेला ठेवा. उभा केलात तर बिनपंपाच्या लाइनमध्ये त्याच्या डोक्यावर हवा अडकून बसेल आणि सोलर उकळतं असून नळाला धार येणार नाही. अख्खी लाइन नळाकडे सतत उतरती हवी. मीटरला ५ मिमी उतार दिला तरी ९ मीटरला ४५ मिमी होतात, ते फॉल्स सिलिंगच्या पोकळीत सहज बसतात. मध्ये कुठेही कुबड नको. बीमखालून जायचं असेल तर खाली उतरलेला पाइप पुन्हा वर चढवू नका.

दोन टोकांना पाइप पक्का धरा, मधल्या सगळ्या ठिकाणी फक्त आधार द्या. पक्का धरायचा म्हणजे क्लॅम्प करकचून आवळायचा नाही. क्लॅम्पच्या दोन्ही बाजूंना एकेक कपलर (सरळ जोडाचा तुकडा) चिकटवा, म्हणजे पाइप सरकू पाहील तेव्हा कपलरचा खांदा क्लॅम्पला अडेल. टोकं अशी धरली की दोन्हीकडची वाढ १५-१५ मिमी होऊन मधल्या लूपमध्ये जाते.

---

बेसा_वीटमाती

उभ्या लूपचं डोक्यातच आलं नव्हतं, धन्यवाद. क्लॅम्पचं अंतर आणि प्रकार सांगाल का? बाइंडिंग वायर बाद, हे कळलं.

---

नळजोड_नागपूर

दर ७५ ते ८० सेंमीला एक. लोकांना वाटतं एवढे कशाला, वजन ते काय! खरंच काही नाही, २० मिमी पाइप पाण्यासकट मीटरला अर्धा किलोही भरत नाही. पण गरम झाला की मऊ पडतो आणि दोन क्लॅम्पच्या मध्ये झोळ येतो. झोळ आला की उतार गेला, उतार गेला की हवा.

९ मीटरला १२ आणि लूपच्या दोन्ही अंगांना एकेक, असे १४ आणा. एल्बोपासून ३० सेंमीच्या आत क्लॅम्प नको, नाहीतर एल्बोला वाकायला जागाच उरत नाही.

साइज अशी: २० मिमी सीपीव्हीसीचा बाहेरचा व्यास २२.२ मिमी. त्यावर ९ मिमी जाडीची पॉलिइथिलीन फोमची नळी चढवली की ४० मिमी. त्यावर सीपीव्हीसीचा ४० मिमी साइजचा प्लास्टिक क्लॅम्प (बाहेरचा व्यास ४१.३ साठी बनलेला) ढिला, छान बसतो. पाइप फोममध्ये सरकतो, उष्णता टिकते आणि रात्री टिकटिक आवाजही येत नाही. पक्क्या टोकांना मात्र फोम कापून २० मिमीचा क्लॅम्प थेट पाइपावर.

लोखंडी पट्टीचे क्लॅम्प घेऊ नका, त्यांची धार पाइपात रुतते. पाइप फॉल्स सिलिंगच्या चॅनलवर टेकवू नका आणि सिलिंगवाल्याला त्याच्या तारा पाइपाला बांधू देऊ नका. तो बांधेलच, म्हणून सिलिंग बंद होताना तिथे उभे रहा.

---

चौकोनी_साईट

स्लॅबला रॉड लटकवताना दोन गोष्टी. ८ मिमीच्या रॉडला ड्रॉप-इन अँकर (भोकात ठोकायची आट्यांची लोखंडी नळी) घेतलात तर १० मिमीचं बिट, ३० मिमी खोल भोक. स्लॅबच्या सळईखाली काँक्रीटचं कव्हर साधारण २० मिमीच असतं, त्यामुळे सळई लागू शकते. लागली तर जोर करू नका, ४-५ सेंमी बाजूला सरका.

दुसरं जास्त महाग पडतं. स्लॅबमध्ये लाइटच्या नळ्या पुरलेल्या असतात. फॅनबॉक्सपासून भिंतीतल्या बोर्डाकडे जी सरळ रेघ जाते, तिच्या दोन्ही बाजूंना ३० सेंमी जागा सोडूनच ड्रिल लावा. स्लॅब भरण्याआधीचे फोटो असतील तर ते उघडून बसा.

---

पायाभरणी

झिरीच्या प्रश्नाचं उत्तर कोणी दिलं नाही. वीटकामाचा नियम असा: उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा खोल नको, आडवी एक षष्ठांशापेक्षा नको. राखेची वीट १०० मिमी रुंद धरली तर उभी ३३ मिमी आणि आडवी जेमतेम १७ मिमी. २० मिमीचा पाइपच २२ मिमी जाड, म्हणजे अर्ध्या विटेच्या भिंतीत आडवी झिरी बादच समजा. आडवा प्रवास सिलिंगमधून, भिंतीत फक्त उभे उतार. तुमचा पॅसेजचा मार्ग त्या दृष्टीने बरोबरच आहे.

उभ्या उताराचा हिशोब: पाइप २२ मिमी आणि त्यावर ६ मिमीची फोमनळी, एकूण ३४. वीट ३३ मिमी कापली, वर बाथरूमचं २० मिमी प्लास्टर आणि टाइल आली, की पाइपावर पुरेसं कव्हर मिळतं. झिरीची रुंदी ४५ मिमी. दोन ब्लेडच्या कटरने कापा, छन्नी-हातोड्याने अर्ध्या विटेची भिंत दुसऱ्या बाजूने फुगते. एकाच ठिकाणी भिंतीच्या दोन्ही अंगांना झिऱ्या नकोत. गरम आणि थंड लाइनमध्ये १०० मिमी तरी अंतर ठेवा.

गच्चीवरून येणारा २५ मिमीचा पाइप मात्र अर्ध्या विटेत घालूच नका. फोमसकट तो ४० मिमीच्या वर जातो. त्याला डक्ट द्या, नाहीतर ९ इंची भिंतीत.

बाथरूममध्ये नळांच्या उंचीवर आडवे तुकडे लागतातच. तिथे कमोडमागे लेज (भिंतीला लागून छोटा कट्टा) घेणार असाल तर ते तुकडे लेजमध्ये लपवा. नसेल तर त्या भिंतीचं प्लास्टर जाड घ्या, वीट खोल कापू नका.

---

मधलासुट्टीवाला

हे सगळं ठीक आहे, पण नागपुरातल्या निम्म्या घरांत पाइप सिमेंटमध्येच दाबलेत आणि चालू आहेत. उगाच घाबरवून टाकू नका.

---

नळजोड_नागपूर

चालतात, त्याचं कारण आहे. पूर्ण लांबी घट्ट धरली गेली तर पाइप हलत नाही, ताण त्याच्या अंगातच राहतो आणि सीपीव्हीसी तो बऱ्यापैकी सोसतो. दीड-दोन मीटरचा उभा तुकडा असेल तर मलाही फार चिंता वाटत नाही. बिघडतं ते धरलेला भाग जिथे संपतो तिथे: झिरीतून सिलिंगमध्ये निघणारा एल्बो, नळाचा पितळी एल्बो, टीचा (तीन तोंडांचा) जोड. म्हणून फोमसाठी पैसे कमी पडत असतील तर निदान प्रत्येक एल्बो-टीच्या दोन्ही बाजूंना २०-२० सेंमी तरी फोम गुंडाळा. पण खिळे वाकवून ठोकणं कुठेच नको. खिळ्याची कड पाइपाच्या अंगावर टेकलेली राहते, पाइप रोज गरम-थंड होताना तिथेच घासतो आणि शेवटी तिथूनच चिरतो. आणि तेव्हा टाइल फोडण्यावाचून इलाज नसतो.

नळाचा पितळी एल्बो मात्र स्क्रूने भिंतीला पक्का करा. मिक्सरसाठी मधोमध अंतर १५० मिमी, जिग पट्टी (दोन तोंडांचं अंतर पक्कं धरणारी पट्टी) लावूनच.

---

बेसा_वीटमाती

पटलं. जोडण्याबद्दल काही? आणि टेस्टिंग किती करायची? प्लंबर "नळ उघडून बघू" म्हणतोय.

---

चौकोनी_साईट

नळ उघडून बघणं म्हणजे टेस्टिंग नाही. हातपंपाने १० किलोचं (दर चौरस सेंमीला) प्रेशर, एक तास, काटा हलता कामा नये. आधी शेवटचा प्लग उघडून हवा पूर्ण काढा. सकाळीच करा, दुपारी उन्हात पाइप तापतो-निवतो तसा काटाही हलतो आणि गळती आहे की ऊन आहे हे कळत नाही. जोड चिकटवून २४ तास झाल्याशिवाय प्रेशर नको. हवेचं प्रेशर भरून टेस्टिंग कधीच करू नका.

टेस्ट झाली की पाणी काढू नका. ३-४ किलो प्रेशर ठेवूनच प्लास्टर आणि टाइलकाम होऊ द्या. टाइलवाल्याचा खिळा पाइपात गेला तर त्याच मिनिटाला दिसेल.

---

नळजोड_नागपूर

जोडाचं थोडक्यात. पाइप कटरने काटकोनात कापा, आतली-बाहेरची किनार साफ करा. कोरडा घालून बघा: फिटिंगमध्ये एक ते दोन तृतीयांश गेला की अडायला हवा. सोल्युशन सीपीव्हीसीचंच, यूपीव्हीसीचं (थंड पाण्याच्या पांढऱ्या पाइपाचं) नाही. पाइपावर भरपूर, फिटिंगच्या आत पातळ; आत जास्त झालं तर गोळा होऊन पाणी अडतं. पाव फेरी देत घाला आणि अर्धा मिनिट दाबून धरा, सोडला तर पाइप हळूच बाहेर सरकतो. मे महिन्यात सोल्युशन ब्रशवरच सुकतं, म्हणून सावलीत काम करा, डबी बंद ठेवा, घट्ट झालेलं सोल्युशन फेकून द्या. त्यात थिनर घालणारे महाभाग आहेत.

आटे असलेल्या जोडांना फक्त टेफ्लॉन टेप. सुतळी आणि सफेदा सीपीव्हीसीजवळ आणू नका. सफेद्यातल्या तेलाने हा प्लास्टिक आतून तडकतो, आणि लगेच नाही, काही महिन्यांनी. गच्चीवरच्या उघड्या पाइपाला ऑइलपेंटही त्याच कारणाने नको. फोम आणि वरून अॅल्युमिनियमचं आवरण, नाहीतर पाण्याचा अॅक्रेलिक रंग.

खरेदी करताना पाइपावर आयएस १५७७८ (सीपीव्हीसी पाइपाचं भारतीय मानक) आणि एसडीआर ११ (बाहेरचा व्यास भागिले जाडी) छापलेलं बघा. एसडीआर १३.५ पातळ असतो, गरम लाइनला घेऊ नका. पांढरा यूपीव्हीसी तर नाहीच, त्याची हद्द ४५ अंश. आपल्या गच्चीवर मेमध्ये तेवढं नुसत्या उन्हात होतं. सोलरच्या टाकीतून निघताना पहिला मीटरभर पाइप जीआय किंवा तांब्याचा ठेवा. उन्हाळ्यात घर चार दिवस बंद असलं तर ट्यूबवाल्या टाकीतलं पाणी उकळीला येतं आणि सीपीव्हीसीची हद्द ९३ अंशांची आहे.

---

पायाभरणी

झिरी भरताना: कडा भिजवा, सिमेंट-वाळूचा १:४ चा माल, दोन थरांत. वरून १५ सेंमी रुंद कोंबडी जाळी मारूनच प्लास्टर, नाहीतर झिरीच्या रेघेवर भेग ठरलेली. बेसा-मनीषनगरकडे काळी माती आहे, पावसाळा-उन्हाळ्यात घर थोडं हलतंच. पाइप जिथे कॉलम आणि विटेचा सांधा ओलांडतो तिथे तो मोठ्या पीव्हीसी नळीच्या तुकड्यातून न्या.

---

बेसा_वीटमाती

शेवटचा प्रश्न. गच्चीच्या स्लॅबमध्ये पाइप न्यायला स्लीव्ह (मोठ्या नळीचा तुकडा) ठेवायची राहून गेली. आता?

---

चौकोनी_साईट

कोअर कटिंग मशीनने भोक पाडा, छन्नीने नाही. बीमपासून लांब, आणि वर सांगितलेल्या लाइटच्या नळ्या सांभाळून. आत स्लीव्ह बसवून ती गच्चीच्या फरशीवर १५ सेंमी वर ठेवा आणि भोवती वॉटरप्रूफिंगचा गोल कोबा करा. स्लीव्ह आणि पाइपातली फट सिमेंटने भरू नका, फोमच भरा. स्लीव्हच्या तोंडावर एक टोपी ठेवा, पावसाचं पाणी आत शिरत नाही.

आणि प्लास्टरआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, टेप लावून: कोपऱ्यापासून किती, फरशीपासून किती. टॉवेल रॉड लावायला येणारा माणूस ड्रिल घेऊनच येतो.

---

बेसा_वीटमाती

मिस्त्रीला ही चर्चा दाखवली. खिळे रद्द. १४ क्लॅम्प, फोम आणि टेस्टिंग पंप भाड्याने आणायला उद्या इतवारीत जातो. लूपच्या खाली फॉल्स सिलिंगमध्ये ४५ बाय ४५ सेंमीचं ट्रॅपडोअर ठेवतो आहे.

---

नळजोड_नागपूर

ट्रॅपडोअर लूपच्या बरोबर खाली नको, थोडं बाजूला, म्हणजे हात आडवा घालून चारही एल्बो चाचपता येतील.