मोर्चाचा भोंगा आणि गल्लीची झोप

शहापूरकर

परवा बेळगावात आमच्या गल्लीत एक अर्ज सह्यांसाठी फिरत होता. मजकूर असा: 'आमच्या भागातून जाणाऱ्या कोणत्याही मोर्चाला वा फेरीला ध्वनिक्षेपकाची परवानगी देऊ नये.' सह्या करणारे आपलेच लोक. बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणून एक नोव्हेंबरला, काळ्या दिनाला, दंडाला काळी फीत बांधून संभाजी उद्यानापासून मराठा मंदिरापर्यंत चालणारे दोघे-तिघे त्यात आहेत. मी सही केली नाही. तिथं दारात उभं राहून सगळं बोलता आलं नाही, म्हणून इथं लिहितोय.

मलाही आवाजाचा त्रास होतो, हे आधी सांगतो. गेल्या विसर्जनाला रात्री अडीच वाजता आमच्या स्वयंपाकघरातल्या मांडणीवरच्या स्टीलच्या ताटल्या एकमेकींवर वाजत होत्या. बायकोनं उठून त्यांच्यामध्ये वर्तमानपत्राच्या घड्या घातल्या, तेव्हा कुठं ते वाजणं थांबलं. छातीतली धडधड थांबली नाही ती नाहीच. आपल्याकडं विसर्जन दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालतं, हे बेळगावात कुणाला सांगायला नको. त्याच एक नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी, चन्नम्मा चौकात डीजेच्या गाड्या लागतात, त्याची तऱ्हाही तीच. पण तेव्हा आमच्या गल्लीत कुठला अर्ज फिरला नव्हता.

नियम २००० सालचे आहेत. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६, त्या वेळेत ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकारला वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस ही वेळ १२ पर्यंत वाढवता येते, पण ती सांस्कृतिक आणि धार्मिक सणांसाठी. निषेधाला असली कसलीही सवलत नाही, आणि आपण ती मागितलेलीही नाही. आपली फेरी निघते दिवसाउजेडी आणि दुपारच्या जेवणाच्या सुमाराला सभेपर्यंत पोचते. मग ज्या आवाजानं झोप उडते तो सोडून आपण नेमका हाच आवाज का धरला?

माझी खरी भीती पुढं आहे. कर्नाटक विधिमंडळाच्या इथल्या अधिवेशनाच्या वेळचा आपला सीमाप्रश्नाचा महामेळावा आठवा. व्हॅक्सिन डेपोच्या मैदानाला गेल्या काही वर्षांत परवानगी नाकारली गेली. उद्या फेरीलाही नाकारायची झाली, तर कारण शोधायला लांब जायला नको, आपल्याच सह्यांचा कागद फायलीत लागलेला असेल. दिल्लीत हे घडलंय. जंतर मंतरच्या रहिवाशांनी आवाजाची तक्रार केली आणि २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं तिथली आंदोलनंच बंद केली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सरसकट बंदी चालणार नाही, पोलिसांनी नियम करून मर्यादित प्रमाणात परवानगी द्यावी. पण तोवर लोकांची हक्काची जागा कित्येक महिने गेली होती. तिथं देशभरातून लोक येतात, वकील मिळतात. आपल्यासाठी कोण उभं राहणार?

दवाखान्यामागची

अर्जावर माझी सही आहे. तुमचीच गल्ली असेल तर ती तुम्ही वाचलीही असेल.

बाबांना दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. मोठा आवाज झाला की त्यांचा डावा हात चादर मुठीत धरतो आणि सोडत नाही. गेल्या वर्षी एक मोर्चा आमच्या खिडकीखाली वीस मिनिटं थांबला होता. पुढं रस्ता तुंबला होता म्हणे. मी त्यांच्या दोन्ही कानांवर हात धरून बसले होते, आणि माझ्या कानांवर धरायला कुणी नव्हतं. त्या घोषणा मराठीत होत्या, त्यातल्या निम्म्या मी लहानपणी बाबांच्या खांद्यावर बसून दिलेल्या आहेत. सीमाप्रश्न मला शिकवायची गरज नाही.

दिवसाउजेडी म्हणता. आजाऱ्याला दिवस काय आणि रात्र काय? रात्रपाळी करून आलेली नर्स दिवसाच झोपते. बाळंतीण दिवसाच डोळा लावते. डीजेविरुद्ध अर्ज का नाही केला, हा प्रश्न रास्त आहे, मी त्यावरही सही करीन. पण तो झाला नाही म्हणून हा करायचा नाही, हे मला पटत नाही.

निपाणीचा माणूस

ताई, तुमच्या बाबांबद्दल वाईट वाटलं. तरी बोलतो. १९८१ साली आमच्याकडं तंबाखू शेतकरी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली महामार्गावर येऊन बसले होते. गोळीबार झाला, माणसं गेली. ते जर बाजार समितीच्या आवारात गप्प बसले असते तर निपाणीच्या तंबाखूचा भाव कुणाला कळला असता? कुणालाच त्रास होणार नाही असं आंदोलन सरकारला फार आवडतं. अधिवेशनाच्या वेळी गावाबाहेर कोंडसकोपला मंडप घालून देतात, बसा म्हणतात. शेतकरी बसतात, अंगणवाडीच्या बाया बसतात. बाहेरच्या गावाला कळतसुद्धा नाही.

खानापूर कोर्टातला

वकिली करतो, म्हणून थोडं कायद्याचं. दोन्ही बाजूंनी थोडी गल्लत होतेय.

शांततेनं, विनाशस्त्र जमण्याचा हक्क घटनेच्या १९(१)(ख) मध्ये आहे आणि बोलण्याचा (क) मध्ये. सार्वजनिक रस्त्यावर सभा घेण्याचा हक्क सरकार नियमात बसवू शकतं, पण पार मोडीत काढू शकत नाही, हे अहमदाबादच्या हिंमतलाल शहा खटल्यापासून ठरलेलं आहे. मात्र ध्वनिक्षेपक हा त्या हक्काचा भाग धरलेला नाही. १८ जुलै २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय की ज्याला ऐकायचं नाही त्याच्या कानावर यंत्रानं आवाज लादण्याचा हक्क कुणालाच नाही. म्हणजे ताईंचं म्हणणं कायद्यात बसतं. शहापूरकरांचंही बसतं, कारण त्यांच्या गल्लीचा अर्ज आवाजाची पातळी धरून लिहिलेला नाही. 'कोणत्याही मोर्चाला' असे शब्द आहेत. आवाजाचा नियम करायचा तर तो आवाजाला लागू करा. कोण ओरडतोय हे बघून लागू केला की तो पहिल्या सुनावणीत पडतो.

आणखी एक. दवाखान्यापासून १०० मीटर म्हणजे आपोआप शांतता क्षेत्र, असं सगळे समजून चालतात. २०१७ च्या दुरुस्तीनंतर राज्य सरकारनं अधिसूचना काढून जाहीर केल्याशिवाय ते क्षेत्र धरलं जात नाही. ताई, आधी तुमच्या दवाखान्याची अधिसूचना निघालीय का ते बघा. नसेल तर तो अर्ज करा, मी फुकट लिहून देतो. तिथं दिवसाची मर्यादा ५० होते, आणि ती मोर्चाला, वरातीला, राज्योत्सवाला, सगळ्यांना सारखी लागते.

मोबाईलवर डेसिबलचं ॲप लावून पुरावे गोळा करणाऱ्यांनाही सांगतो, ते कोर्टात टिकत नाहीत. प्रमाणित यंत्राचंच मोजमाप लागतं, आणि ही मर्यादा ठरावीक वेळेच्या सरासरीची असते. एखादी घोषणा ८० ला गेली म्हणून लगेच नियम मोडला असं होत नाही.

सदाशिवनगर

माझी मातृभाषा कन्नड. मराठी शेजारात शिकलो, चुकलं तर समजून घ्या.

सीमाप्रश्नावर माझं मत तुमच्यासारखं नाही, आणि त्यावर इथं वाद घालायचा नाही. पण एक सांगायचं होतं. दोन वर्षांपूर्वी एक नोव्हेंबरला रात्री साडेअकराला मी डीजेची तक्रार घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. आईला हृदयाचा त्रास आहे. तिथं मला विचारलं, 'तुम्ही कन्नड ना? मग आजच्या दिवशी तक्रार कशी करता?' तक्रार लिहून घेतली नाही. मी परत आलो आणि आईला मागच्या खोलीत झोपवलं.

काळ्या दिनाच्या फेरीविरुद्ध मी तक्रार केली असती तर लगेच लिहून घेतली असती, हे मला माहीत आहे. ते बरोबर नाही. म्हणून शहापूरकरांच्या अर्जाबद्दलच्या भीतीशी मी सहमत आहे, पण मोर्चाला भोंगा हवाच, याच्याशी नाही. तुमची माणसं, काळे झेंडे दिसतात. तेवढ्यानं समजतं.

निवृत्त मास्तर, अनगोळ

याच मुद्द्यावर लिहायला बसलो होतो. २०१७ साली बेळगावात मराठा क्रांती मूक मोर्चा निघाला तेव्हा मी त्यात चालत होतो. एवढी माणसं आणि घोषणा एकही नाही. चालताना मला शेजारच्या माणसाच्या वहाणेचा आवाज ऐकू येत होता. पोरी पुढं होत्या. कडेला उभी असलेली कन्नड दुकानदार मंडळी पाण्याच्या बाटल्या देत होती. त्या दिवसाइतकी आपली ताकद मला दुसऱ्या कुठल्या दिवशी दिसली नाही. भोंग्यावर अडून बसण्यात आपण आपलंच नुकसान करून घेतोय असं माझं स्पष्ट मत आहे.

शहापूरकर

सर, मीही होतो त्यात. पण मूक राहायचं ते आपण ठरवलं होतं. दुसऱ्यानं तोंडावर हात ठेवला तर त्याला मूक मोर्चा म्हणायचं नाही. १९८६ च्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरुद्ध जे उतरले, ज्यांचं स्मारक हिंडलग्याला आहे, ते ओरडत गेले होते. दरवर्षी एक जूनला आपण तिथं फुलं वाहतो. त्यांना 'मूक गेला असता तर बरं' असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

सदाशिवनगर, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. ते लिहायला सोपं नव्हतं.

दवाखान्यामागची

हुतात्म्यांचं नाव घेतलं की समोरच्यानं गप्प बसायचं असतं, असं होतं नेहमी. त्यांच्या हातात कर्णे नव्हते हो. गळा होता. गळ्याला माझी कधीच हरकत नाही, अर्जातही फक्त ध्वनिक्षेपक लिहिलंय.

साऊंडवाला

वीस वर्षं भाड्यानं साऊंड देतो, लग्न, गणपती, सभा, मोर्चा सगळं. वकीलसाहेबांनी कायदा सांगितला, मी धंद्याचं सांगतो.

मोर्चाला आम्ही देतो ते रिक्षावर दोन कर्णे, एक ॲम्प्लिफायर, एक बॅटरी. डीजे म्हणजे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बेसच्या पेट्यांची भिंत आणि मागं जनरेटर. कर्ण्याचा आवाज तोंडासमोर फेकला जातो, बाजूला आणि मागं खूपच कमी. बेस तसा नाही. तो चारी बाजूंना पसरतो आणि भिंतीतून आत येतो. ताटल्या वाजतात त्या बेसनं. खिडकी लावली तर कर्णा बराच कमी होतो, बेस होत नाही. तेव्हा दोन्हींना एकच नियम लावू नका.

पण ताईंची तक्रार खरी आहे, आणि चूक आमची आहे. पोरं कर्णे वर तोंड करून बांधतात, लांब जावं म्हणून. मग तो सरळ दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत जातो. चालणाऱ्यांना ऐकू जायचं तर कर्णा मागं, चालणाऱ्यांच्या डोक्याकडं झुकवून बांधायचा. आवाज निम्म्यावर ठेवला तरी पुरतो. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबल उतरतात, गल्लीत दोन्हीकडं भिंती असल्यानं तेवढे उतरत नाहीत. म्हणून गल्लीत शिरताना कमी करायला हवाच. आम्हाला तसं कुणी सांगत नाही. गाडीवरचा पोरगा 'वाढव की वो' एवढंच ऐकतो.

निपाणीचा माणूस

हे आधी माहीत असतं तर बरं झालं असतं. आमच्याकडंही वरच तोंड करून बांधतात.

शहापूरकर

साऊंडवाले, हे वाचून मी माझं म्हणणं थोडं बदलतो. परवानगीच्या अर्जातच आपण लिहून देऊ: एक गाडी, दोन कर्णे, तोंड मागं आणि खाली, बेस नाही, दवाखान्यासमोर आणि शाळेसमोर पूर्ण बंद. एवढं आपण होऊन लिहून दिल्यावर नाकारायचं झालं तर कारण दुसरं शोधावं लागेल, आणि ते कागदावर येईल. गल्लीच्या अर्जातला 'कोणत्याही मोर्चाला' हा भाग काढून 'मोर्चा, मिरवणूक, वरात, उत्सव, सर्वांना सारखा नियम' असं घातलं तर मी सही करतो. वकीलसाहेब, मसुदा तुम्ही बघाल का?

खानापूर कोर्टातला

बघतो. रविवारी पाठवा.

दवाखान्यामागची

मसुद्याची कल्पना चांगली आहे, झाला की वाचीन. पण वीस मिनिटांचं तुम्ही कुणी बोलला नाहीत. गाडी दवाखान्यासमोरून चालत गेली तर दोन मिनिटांत जाते. ती त्या वळणावर अडकते तेव्हाच सगळं होतं, कारण तेव्हाच पोरांना चेव येतो. तेव्हा गाडीजवळ बटण बंद करणारा जाणता माणूस कोण असणार, ते आधी ठरवा. त्याचा नंबर माझ्याकडं हवा, आणि मी फोन केला तर त्यानं तो उचलायला हवा. तो माणूस मिळाला की मी माझी सही मागं घेते. तोवर ती अर्जावर राहील.