डब्ल्यूटीओचं अपील बंद पडलंय. भारताने एमपीआयएत जावं की नाही?

नौपाडेकर
धाग्याचा विषय एकच ठेवतो. डब्ल्यूटीओ म्हणजे जागतिक व्यापार संघटना. तिच्या अपिलीय मंडळात सात जागा, एक अपील ऐकायला तीन सदस्य लागतात. अमेरिकेने नेमणुका अडवल्या आणि ११ डिसेंबर २०१९ पासून तीन जणही उरले नाहीत. तेव्हापासून पॅनेलमध्ये, म्हणजे खटल्याच्या पहिल्या फेरीत, हरलेला देश सरळ अपील टाकतो. ऐकायला कुणी नाही, म्हणून निकाल लटकतो आणि बंधनकारक होत नाही.

आपणही तेच करत आलोय. एमईआयएस, ईपीसीजी, सेझ वगैरे निर्यात योजनांचा निकाल ३१ ऑक्टोबर २०१९ ला अमेरिकेच्या बाजूने लागला. १९ नोव्हेंबरला आपलं अपील गेलं. साखरेच्या खटल्यात ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला जिंकले. त्यावरही अपील. मोबाइल आणि दूरसंचार उपकरणांवरच्या आयात शुल्काचा जपानचा खटला, २०२३ मध्ये पुन्हा अपील.

यावर २०२० पासून पर्यायी सोय आहे, एमपीआयए. वाद निवारण कराराच्या कलम २५ खाली अपिलासाठी लवाद: दहा जणांची यादी, खटल्याला तिघे, ९० दिवसांचं लक्ष्य. युरोपियन युनियन, चीन, ब्राझील, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, जपान त्यात आहेत, २०२५ मध्ये ब्रिटनही आला. भारत बाहेर.

माझं मत: आत जावं. जी-२० च्या अध्यक्षपदी असताना आपण आफ्रिकन युनियनला सदस्यत्व मिळवून दिलं, सुरक्षा परिषदेच्या विस्तारासाठी वर्षानुवर्षं भांडतोय. नियमांवर चालणारी व्यवस्था हवी असं इतक्या जोरात म्हणणाऱ्या देशाने आपल्याविरुद्धचा निकाल लटकवत ठेवणं मला पटत नाही. आणि याच व्यवस्थेतून आपण मिळवलंयही. मार्च २००१ मधला युरोपविरुद्धचा चादरींचा निकाल घ्या. डम्पिंगची, म्हणजे देशातल्यापेक्षा स्वस्तात निर्यात केल्याची, रक्कम काढताना एखाद्या मॉडेलची निर्यात किंमत देशातल्या किमतीपेक्षा जास्त निघाली, तर तो फरक वजा करायला हवा. युरोप तो शून्य धरायचा, त्यामुळे सरासरी फुगायची आणि शुल्क वाढायचं. अपिलीय मंडळाने ही पद्धत बेकायदा ठरवली. पुढे जपानसारखे देश अमेरिकेविरुद्ध त्याच तर्कावर लढले आणि जिंकले.

घोडबंदर_रोड
चादरींचा निकाल मोठा होता, मान्य. पण हिशेब आजचा करा. ज्या अमेरिकेचा आपल्याला सगळ्यात जास्त त्रास, तीच एमपीआयएत नाही. तिथल्या राज्यांच्या सौर अनुदानांविरुद्ध आपण जून २०१९ मध्ये पॅनेलसमोर जिंकलो, ऑगस्टमध्ये त्यांनी अपील टाकलं आणि विषय संपला. एमपीआयएत जाऊन यातलं काय सुटणार?

आत कोण बसलंय ते बघा. साखरेचे तिन्ही तक्रारदार आत. चीन आत, त्याने ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्या बॅटरी आणि इलेक्ट्रिक वाहनांच्या पीएलआयविरुद्ध (उत्पादनाशी जोडलेली प्रोत्साहन योजना) सल्लामसलत, म्हणजे खटल्याची पहिली पायरी, मागितलीय. म्हणजे आपलं सही करणं हे आपल्यावर खटले घालणाऱ्यांच्या हातात हत्यार देणं आहे.

शेतीचं तर विचारूच नका. हमीभावातलं अनुदान मोजताना आजचा भाव वजा होत नाही, १९८६-८८ ची संदर्भ किंमत वजा होते. मधल्या महागाईचा सगळा फुगवटा कागदावर 'अनुदान' ठरतो आणि विकसनशील देशाची मर्यादा उत्पादनमूल्याच्या १० टक्के. भाताला २०१३ च्या बाली परिषदेचं पीस क्लॉज (मर्यादा ओलांडली तरी खटला न घालण्याची कबुली) वाचवतं, कारण ते अन्नधान्याच्या सरकारी साठ्यासाठी आहे. उसाला तेही कवच नाही. एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर, कारखाना देतो, सरकारच्या तिजोरीतून एक रुपया जात नाही, हा आपला मुद्दा पॅनेलने फेटाळला. तो निकाल बंधनकारक झाला तर कोल्हापूर-सांगलीत काय होईल हे ठाण्यात बसूनही समजायला हवं.

नौपाडेकर
साखरेचं भय गैरलागू आहे. सामील होण्याच्या तारखेआधी ज्या खटल्यात पॅनेलचा अंतरिम अहवाल आलाय, त्याला एमपीआयए लागू होत नाही. तो निकाल जिथे आहे तिथेच राहील.

घोडबंदर_रोड
आणि ब्राझीलने उद्या नव्या हंगामाच्या आकड्यांवर नवी तक्रार केली तर? ती लागू होईल. एफआरपी तर दरवर्षी जाहीर होते.

तळोजाकर
दोघेही दिल्ली-जिनिव्हाचं बोलताय, मी तळोजा आणि वागळे इस्टेटमधल्या बोल्ट-नटवाल्यांचं बोलतो. युरोपचा कार्बन सीमाकर, सीबीएएम, १ जानेवारी २०२६ पासून पूर्ण लागू झाला. सीमाशुल्क यादीतलं शीर्षक ७३१८, म्हणजे स्क्रू, बोल्ट, नट, त्यात आहेत. इथे बोल्ट ठोकतानाचं उत्सर्जन मोजून भागत नाही. ज्या वायर रॉडपासून बोल्ट बनला, त्या पोलादाचं उत्सर्जनही धरावं लागतं, आणि बोजा मुख्यतः तिथलाच. तो आकडा पोलाद गिरणीकडून प्लँटनिहाय मिळवायचा. डीलरमार्फत रॉड घेतला तर हीट नंबरवरून (पोलादाच्या ओतीचा क्रमांक) गिरणी सापडते, पण उत्सर्जनाचा कागद सापडत नाही. कागद नसेल तर युरोपचं ठरीव मूल्य लागतं, ते मुद्दाम चढं ठेवलेलं असतं.

इथे बरेच जण एक चूक करतात. ५० टनांची सूट निर्यातदाराला नाही, युरोपातल्या आयातदाराला आहे आणि त्याच्या वर्षभराच्या एकूण मालावर मोजली जाते. तुमचे बारा टन असले तरी त्याने तैवानकडून साठ टन घेतले असतील तर तुमचाही माल करात.

हा कर विकसित आणि विकसनशील देशांना एकाच मापात तोलतो. हवामान कराराच्या मूळ तत्त्वाविरुद्ध आहे तो. याच्यावर बंधनकारक निकाल हवा असेल तर एमपीआयए सोडून दुसरी जागा नाही, कारण युरोप तिथे आहे. म्हणून मी नौपाडेकरांच्या बाजूने. पण वेळेचं गणित स्पष्ट सांगा लोकांना: ६० दिवस सल्लामसलत, मग पॅनेल, ते वर्षाहून जास्त घेतं, मग अपील, मग अंमलासाठी १५ महिन्यांपर्यंत 'वाजवी मुदत'. आणि जिंकलात तरी मागची भरपाई मिळत नाही. लहान कारखान्याने खटल्याची वाट बघू नये, गिरणीकडे आजच आकडा मागावा.

वाशी_फळबाजार
निर्यातीचा माल खटल्यांनी सुटत नाही, हे आंब्यावरून सांगतो. १ मे २०१४ पासून युरोपने भारतातला आंबा आणि चार भाज्या बंद केल्या, कारण २०१३ मध्ये २०७ कन्साइनमेंट्समध्ये फळमाशी वगैरे कीड निघाली होती. तक्रार जिंकायला काही वर्षं लागली असती. त्याऐवजी नोंदणीकृत पॅकहाउस, तिथे वनस्पती संगरोध निरीक्षक आणि गरम पाण्याची प्रक्रिया बसवली. २०१५ च्या जानेवारीत युरोपने आंब्यावरची बंदी उठवायचं ठरवलं.

देशागणिक प्रक्रिया वेगळी. युरोपला ४८ अंशांच्या पाण्यात ६० मिनिटं. जपानला वाफेची, फळाच्या गाभ्यात ४७.५ अंश २० मिनिटं. अमेरिकेला वाशीच्या केंद्रात ४०० ग्रे विकिरण, त्यांच्या कृषी खात्याच्या निरीक्षकासमोर. पाण्याचं तापमान टाकीत एका कोपऱ्यात बरोबर असून चालत नाही, मधल्या क्रेटमध्येही तेवढंच लागतं. कोवळं फळ घातलं तर साल भाजते आणि तिकडे पोचेपर्यंत डाग काळे पडतात. मे २०२५ मध्ये विकिरण झालेल्या १५ कन्साइनमेंट्स अमेरिकेच्या विमानतळांवर अडकल्या. फळात कीड नव्हती, पीपीक्यू २०३ या फॉर्मवर आक्षेप होता.

बहुपक्षीय काम इथे रोज चालतं. नवा कीटकनाशक नियम आणायचा असेल तर देशाने डब्ल्यूटीओला आधी कळवायचं, साधारण ६० दिवस हरकतींना द्यायचे. त्या साठ दिवसांत लेखी हरकत गेली तर काही मिळतं. बासमतीवर युरोपने ट्रायसायक्लाझोल या बुरशीनाशकाची मर्यादा किलोला १ मिलिग्रॅमवरून ०.०१ वर आणली, तीही अशाच नियमाने. हरकतींच्या या टेबलावर माणसं वाढवा, एमपीआयए नंतर बघा.

नौपाडेकर
टेबलावर माणसं वाढवा, शंभर टक्के. पण त्या टेबलावरच्या हरकतीला वजन येतं ते मागे न्यायालय असतं म्हणून. बर्ड फ्लूच्या खटल्यात २०१५ मध्ये आपण हरलो. रोग एका राज्यात असताना अख्ख्या देशाचं कोंबडीमांस बंद करता येत नाही, विभागवार बघा, असं ठरलं. अमेरिकेने वर्षाला ४५ कोटी डॉलरची प्रति-कारवाई मागितली तेव्हा आपण नियम बदलले. तोच विभागवार नियम उद्या आपल्या मालाच्या कामी येतो.

घोडबंदर_रोड
मग एक मधला मार्ग मांडतो. कलम २५ वापरायला एमपीआयएचं सदस्यत्व लागत नाही, दोन देश खटल्यापुरता करार करू शकतात. २०२२ मध्ये युरोप आणि तुर्कीने तेच केलं: एक खटला तुर्कीच्या औषध धोरणावर, दुसरा युरोपच्या पोलाद सुरक्षा शुल्कावर, आणि दोन्हीत परस्पर मान्य केलं की अपील लवादाकडे जाईल. युरोपचा आयात शुल्काचा खटला आपल्याविरुद्ध लटकलेला आहेच. सीबीएएमवर आपण पॅनेल मागायचं आणि सांगायचं, दोन्हींची अपिलं लवादाकडे देऊ. शेती बाहेर राहील, चीन बाहेर राहील.

तळोजाकर
हे मला चालेल. पण सही पॅनेल नेमतानाच व्हायला हवी. निकाल हातात पडल्यावर जिंकणारा लवादाला तयार आणि हरणारा नाही, अशीच गत होते. तुर्कीचं जमलं कारण दोघांचंही एकेक जोखमीत होतं.

नौपाडेकर
सीबीएएमचं पॅनेल मागायचं ठरलं तर मीही याला हरकत घेणार नाही. मात्र आयात शुल्काच्या खटल्यात आपण डिसेंबर २०२३ मध्येच अपील टाकलंय. ते आधी मागे घ्यावं लागेल, आणि ते मागे घेण्याआधी लवादाचा करार लेखी हवा, नाहीतर युरोप पॅनेलचा अहवाल तसाच मंजूर करून घेईल.