अण्णांसाठी टॅब की किंडल? शनिवारच्या आत सांगा

प्रेषक: वहिनी (सध्या आंजर्ले)

मंडळी,

अमेरिकेतल्या ताईचं (पुस्तकपेटीच्या ताई नव्हेत) विमान शनिवारी रात्री नेवार्कहून आहे. बॅगेत एकाच वस्तूपुरती जागा उरली आहे म्हणते. अण्णांसाठी वाचायला काहीतरी मागवायचंय, पंधरा हजार रुपयांच्या आत. सकाळी पेपर, दुपारी पुस्तक, हे तुम्हाला माहीतच आहे. पेपर एसटीने येतो आणि पावसात येतोच असं नाही. शिवाय रविवारी नातवाशी व्हिडिओवर बोलायचं असतं. मोतीबिंदूचं दुसरं ऑपरेशन झालं, तरी फोनवरची अक्षरं त्यांना पुरत नाहीत. एका हातात फोन, दुसऱ्या हातात भिंग, असे ओटीवर बसलेले असतात. मला ते बघवत नाही.

तिकडे ॲमेझॉनचा दहा इंची फायर टॅब स्वस्त आहे. तो सांगू की किंडल, त्यांचंच नुसतं वाचायचं यंत्र? शुक्रवारपर्यंत कळवा.

प्रेषक: नाना (एडिसन)

वहिनी, किंडल. दुसरा विचारच करू नका.

माझ्याकडे 2018 चा पेपरव्हाइट किंडल आहे, अजून उत्तम चालतो. त्याच्या पडद्यात शाईचे काळे-पांढरे कण असतात. पान उलटताना ते हलतात, मग तसेच थांबून राहतात. म्हणून वीज लागते ती मुख्यतः पान उलटताना आणि दिवा लावला तर. एकदा चार्ज केला की आठवडे जातात. उन्हात ओटीवर बसून वाचला तरी चकाकत नाही, मोतीबिंदूच्या डोळ्यांना हेच हवं. अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. मराठी पुस्तकं डिसेंबर 2016 पासून किंडलवर अधिकृतपणे मिळतात. वजन 182 ग्रॅम, म्हातारं मनगट दुखत नाही.

निसर्ग वादळ आठवा. 3 जून 2020. दापोली तालुक्यात खांब आडवे झाले होते, तुमच्याकडे दिवे यायला किती आठवडे लागले? टॅब तेव्हा दुसऱ्या दिवशीच बंद पडला असता.

प्रेषक: ताई (पुस्तकपेटी)

नाना, पुस्तकांचा प्रश्न आला की आधी आपल्या पुस्तकपेटीच्या, म्हणजे वाचायला पुस्तकं पुरवायच्या उपक्रमाच्या, यादीवर विचारायचं, हे गेल्या वर्षी बैठकीत ठरलं होतं. सात वर्षं पेटी मी सांभाळते. कोण काय वाचतं आणि ते कुठे मिळतं, हे मला रोज शोधावं लागतं.

अण्णांनी माझ्याकडून जे मागितलं त्यात किंडलवर मिळणारं फार थोडं होतं. त्यांना हवे असतात जुने अंक, जुनी चरित्रं, विश्वकोशातल्या नोंदी. त्यातलं बरंचसं स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये आहे. ई साहित्य प्रतिष्ठानची फुकट पुस्तकंही पीडीएफच. बुकगंगावरून घेतलेलं ई-पुस्तक त्यांच्याच ॲपात उघडतं, किंडलवर नाही.

आता मोजून बघा. आपलं डेमी पुस्तक साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच. सहा इंची किंडलचा पडदा जेमतेम 3.6 बाय 4.8. स्कॅनचं पान त्यात बसवलं की निम्म्याच्या जरा वर उरतं. दहा इंची टॅबचा पडदा साधारण 5.3 बाय 8.5, म्हणजे पान जवळजवळ मूळ मापात. मोठं-छोटं करायला नको, बोटाने सरकवायला नको.

मी स्वतः पाहिलंय. दिवाळीत बाबांना सहा इंचीवर एक स्कॅन दिला. अनुस्वार दिसेनात, रफार शिरोरेषेत मिसळून गेले. ते 'मंद'चं 'मद' वाचत होते, 'वर्ग'चं 'वग', आणि चार पानांनंतर म्हणाले, छापायलाच चुकलंय बहुतेक. पुस्तक बाजूला ठेवलं ते कायमचं. दोष डोळ्यांचा नव्हता आणि छपाईचाही नव्हता.

प्रेषक: नाना (एडिसन)

पीडीएफ बदलून घेता येते. संगणकावर मजकूर वेगळा काढायचा, ईपब (ई-पुस्तकाची फाइल) करायचं आणि किंडलला ईमेलने पाठवायचं. 2022 पासून ईपब चालतं. मी करून देईन, एक रविवार लागेल.

प्रेषक: ताई (पुस्तकपेटी)

नाना, स्कॅन म्हणजे फोटो. त्यात मजकूर नसतोच, आधी अक्षरं ओळखून घ्यावी लागतात, आणि जुन्या जोडाक्षरांत मशीन किती चुकतं ते तपासायला माणूस लागतो. श्रीलिपीत, म्हणजे जुन्या मराठी फाँटात, जुळवलेल्या पीडीएफमधून मजकूर उचला, नुसता कचरा येतो, कारण तो युनिकोड नाही. मी दोन पुस्तकांवर प्रयोग केलाय. एका पुस्तकाला अडीच महिने लागले. एक रविवार नव्हे.

प्रेषक: मालवणचे काका

मी नोकरी संपवून गावात परत आलो त्याला नऊ वर्षं झाली, म्हणून इथलं सांगतो. आमच्या हयसर पावसात लाइट गेली काय दोन दोन दिस येणा नाय. नानांचं त्या बाबतीत बरोबर आहे.

पण वहिनी, फायर तिकडून मागवू नका. तो आता भारतात अधिकृतपणे विकत नाहीत, म्हणजे पडदा फुटला तर दुरुस्तीला कुठे नेणार? त्यात प्ले स्टोअर नाही, त्यामुळे ताई म्हणतात ती ॲपं सरळ येत नाहीत. सिम नाही, नुसतं वायफाय. सिमवाला दुसरा टॅब तिकडून आणायचा तर आधी त्याचे बँड (तो कोणत्या लहरी पकडतो ते) तपासा. जिओचं सगळं जाळं 4जी-5जीवर आहे, आणि 2300 मेगाहर्ट्‌झचा बँड 40 प्रत्येक अमेरिकी मॉडेलला असतोच असं नाही. आणलेली वस्तू रेंज पकडत नाही म्हणून पडून राहिली, हे माझ्या घरात घडलंय.

दुसरं म्हणजे खारी हवा. माझ्या पहिल्या टॅबचं चार्जिंगचं तोंड एका पावसाळ्यात गेलं. टॉर्च लावून आत बघितलं, तर पिनांच्या कडेने हिरवं धरलं होतं, तांब्याची समई घासायची राहिली की धरतं ना, तसं. मी काय करायचो? समुद्रावरून यायचो आणि दमट हातांनी तशीच वायर खुपसायचो. पिना ओल्या असताना वीज सोडली की त्या फार लवकर खातात. आता नियम केलाय. टॅब कोरड्या फडक्याने पुसायचा, थोडा वेळ घरात ठेवायचा, मग वायर. झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या चार पुड्या. तांदळाच्या डब्यात ठेवू नका, कोंडा तोंडात जाऊन बसतो.

टॅब दापोलीला किंवा चिपळूणला घ्या. बिल हातात, दुकान जवळ.

प्रेषक: बाळ

काकांना अनुमोदन. घेताना तीन गोष्टी बघा. रॅम 4 जीबीच्या खाली नको, पेपरचं पान मोठं करताना अडकतं. सिमची खाच हवीच. आणि पडद्याचे ठिपके: दहा इंचीवर 1280 बाय 800 म्हणजे इंचाला साधारण 149, किंडलला 300. 1920 बाय 1200 मिळाला तर फरक डोळ्यांना लगेच कळतो. ऑक्टोबर 2023 मध्ये आलेल्या सॅमसंगच्या टॅब ए9 प्लसला तसा आहे, 11 इंची, पण आला तेव्हा तुमच्या बजेटच्या वर होता.

अण्णांना टाइप करायला लावू नका. गूगलच्या कीबोर्डवर मराठी बोलून लिहिता येतं, 2017 पासून. माइकचं चित्र दाबायचं आणि बोलायचं. आजी तसंच शोधते, आणि तिला त्याचा फार आनंद होतो.

प्रेषक: देवरुखची मावशी

सगळे यंत्राचं बोलताय. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय 1828 चं आहे, तिथून कोणी येणारं-जाणारं असेल तर पुस्तकं आणवता येतील. कागदाचं पुस्तक हातात असलं की माणूस शांत वाचतो. आमच्याकडे माळ्यावरच्या दोन ट्रंका वाळवीने संपवल्या, हे खरं, तरी मला तसंच वाटतं.

प्रेषक: ताई (पुस्तकपेटी)

मावशी, आणवता येतील, पण अण्णांना छापील अक्षरच लहान पडतंय. तिथूनच तर सुरुवात झाली.

वहिनी, एक काम करा. अण्णांजवळ बसा आणि त्यांना पुढच्या वर्षभरात काय वाचायचंय ते लिहून घ्या. यंत्र त्यावरून ठरवू.

प्रेषक: वहिनी (सध्या आंजर्ले)

काल दुपारी बसले त्यांच्याजवळ. एकतीस नावं निघाली. इतकी मनात साठवून ठेवली होती हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. पुस्तकपेटीच्या ताईंच्या मदतीने शोधलं: बावीस स्कॅन किंवा पीडीएफ, सहा बुकगंगाच्या ॲपवर, तीन किंडलवर.

म्हणून टॅब. दहा इंची, सिमवाला, 4 जीबी, परवा दापोलीला जाऊन घेऊ. रेंज फणसाखालीच येते, पण पीडीएफ एकदा उतरवून ठेवल्या की ओटीवर वाचायला रेंज लागत नाही. पेपरही तसाच सकाळी उतरवून ठेवता येईल. रविवारचा व्हिडिओ फणसाखाली खुर्ची टाकून. काका, डबा आणि पुड्या आजच आणल्या.

पण नाना, तुमचं दिव्यांचं म्हणणं मनातून जात नाही. निसर्गच्या वेळी अण्णा संध्याकाळी सहानंतर नुसते बसून असायचे. मेणबत्तीवर वाचू देत नव्हतो. तुमचा जुना पेपरव्हाइट तुम्ही वापरत नसाल तर विमानाने येणाऱ्या ताईकडे द्याल का? ती तीन पुस्तकं त्यावर घालू. बॅगेतली जागा त्याला.

प्रेषक: नाना (एडिसन)

देतो. आज संध्याकाळी इथे ताईच्या घरी पोचवतो. माझ्या ॲमेझॉनच्या खात्यातून काढून ठेवलाय, तुमच्या भारतातल्या खात्यावर नोंदवा. त्याला 2.4 गिगाहर्ट्‌झचंच वायफाय दिसतं, फोनचा हॉटस्पॉट 5 वर असेल तर बदला, नाहीतर सापडतच नाही म्हणाल.

पाण्यात पडला तर घाबरू नका, गोड्या पाण्यात 2 मीटरपर्यंत तासभर टिकतो. मात्र चार्जिंगचं तोंड जुनं आहे, मायक्रो यूएसबी. नव्या टॅबची वायर बसणार नाही. त्याची वायर वेगळ्या पाकिटात घालून वर अण्णांचं नाव लिहिलंय.