मदत हवी आहे: इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या स्थिरचित्रात कापड मळकट होतंय

नववीची_आई: मुलगी यंदा इंटरमिजिएटला बसतेय. स्मरणचित्र, संकल्पचित्र (नक्षीकाम) ठीक आहे. स्थिरचित्रात (समोर मांडलेल्या वस्तूंच्या चित्रात) मात्र कापडाच्या घड्या दर वेळी मळतात आणि ३ तासांत चित्र पुरं होत नाही. परीक्षा तोंडावर आली आहे, लवकर सांगा.

कुंचला८: जलरंग की पोस्टर? कापडाचा रंग कोणता? रेखाटनात किती वेळ जातो? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

चौकट: सरळ पोस्टर कलर घ्या. चुकलं तर वरून दुसरा हात देता येतो.

ओला_कागद: आता माध्यम बदलायला लावू नका हो. पोस्टरचा खालचा थर ओल्या ब्रशने सुटतो. घाईत दुसरा हात दिला की तो वर येतो आणि घडी आणखीच मळते.

चौकट: पुरता वाळू दिला आणि वरचा रंग दाट घेतला तर फारसा सुटत नाही. संकल्पचित्राला मुलं पोस्टरच वापरतात की.

ओला_कागद: तिथे सपाट रंग भरायचा असतो. कापडाची उतरती छटा आणि पितळेची चकाकी हे काम निराळं.

गुणपत्रक: या परीक्षेच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात. अ श्रेणीला ७, ब ला ५, क ला ३.

नववीची_आई: गुणांचं माहीत आहे! जलरंगच आहेत. कापड पिवळं, त्यावर पितळी तांब्या आणि दोन वांगी. सावलीला ती काळा मिसळते. रेखाटनात सव्वा तास जातो.

कुंचला८: मग काळाच काढून ठेवा ताई. पिवळ्यात काळा पडला की शेवाळी हिरवट होतो, तोच तुम्हाला मळ दिसतोय. कापडाला आधी पिवळ्याचा पातळ वॉश (भरपूर पाण्यातला रंगाचा हात), उजेडाच्या जागा आणखी फिकट. तो पुरता वाळू द्या, तोवर वांगी रंगवा. मग घडीच्या सावलीला यलो ऑकरमध्ये (मातकट पिवळा) किंचित जांभळा, खोल खाचेत थोडा बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी). एका जागी दोनदाच ब्रश फिरवायचा, घासायचं नाही. पाण्याची भांडी दोन: एकात ब्रश धुवायचा, दुसऱ्यातलं पाणी रंगात घ्यायचं.

वेळ अशी वाटा: रचना १० मिनिटं, रेखाटन ४०, रंग १००, उरलेली ३० गडद छटा आणि पडछायेला. तांब्याच्या तोंडाचा लंबगोल टोकाला टोकदार होऊ देऊ नका, आणि बुडाचा लंबगोल तोंडाच्या लंबगोलापेक्षा जास्त फुगीर हवा, कारण तो नजरेच्या आणखी खाली असतो. हे चुकलं की मुलं खोडत बसतात, तिथेच सव्वा तास जातो. चकाकीला कागद कोराच सोडायचा आणि सगळ्यात गडद छटा तिला लगटून द्यायची. पितळेत कापडाचा पिवळा आणि वांग्याचा जांभळा उमटतो, तोही दाखवा.

भूमितीवाला: याच परीक्षेतली घनभूमितीही बघून घ्या. एलेव्हेशन (समोरून दिसणारी आकृती) एक्सवाय या आडव्या रेषेच्या वर, प्लॅन (वरून दिसणारी) खाली. उलट काढलं तर नीटनेटकी आकृतीसुद्धा चूकच. प्रक्षेपरेषा फिकट ठेवा, कडा ठळक.

ओला_कागद: धागा स्थिरचित्राचा आहे.

नववीची_आई: पेटीत जांभळा नाही. विकत आणू?

कुंचला८: नको. अल्ट्रामरीन निळ्यात क्रिमसन लेक हा लाल मिसळा. दोन्ही वांग्यांना पुरेल एवढा एकदमच करून ठेवा, त्यातलाच थेंबभर ऑकरमध्ये जाईल.